तंबाखूचा पाइप: जमवणं आणि ओढणं (कोकण किनारपट्टी)

तंबाखू पेटवून तिचा धूर नळीवाटे तोंडात घ्यायचं साधन, एवढीच पाइपची व्याख्या धरली तर चिलीम, गुडगुडी, हुक्का, पांढऱ्या मातीचा विलायती पाइप आणि साहेबाच्या तोंडातला लाकडी पाइप सगळेच त्यात बसतात, आणि या नोंदीत ते तसेच घेतलेत. पाइपच्या नादी लागलेल्यांच्या दोन तऱ्हा, एक ओढणारे आणि दुसरे जमवणारे. ओढणाऱ्याला पाइप चटका न देता कोरडा, थंड झुरका देतो का एवढंच बघायचं असतं. जमवणारा घडण बघतो, शिक्का बघतो, साल आणि अवस्था बघतो. बऱ्याचदा हे दोघं एकाच माणसात असतात आणि खरी पंचाईत तिथेच होते, कारण झुरक्यागणिक वस्तू थोडी थोडी बदलत जाते आणि ती मुरली म्हणायची की खराब झाली म्हणायची यावर दोन्ही बाजूंचं कधीच पटलेलं नाही.

कोकणातला तंबाखूचा रोजचा वापर म्हणजे मशेरी, चुन्यात मळलेली चिमूट आणि विडी, तो सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू इथल्या पावसात फारशी पिकत नाही, ती निपाणी-सांगली-कोल्हापूरकडून घाट उतरून येते. विलायती पाइप मात्र बंदरांतून आणि बोटीवरच्या माणसांच्या ट्रंकांतून आला, आणि बहुतेक घरांत तो कपाटाच्या काचेआडच राहिला.

उगमाचा वाद

भारतात तंबाखूच्या आधी धूर ओढायचं साधन होतं का, हा जुना वाद. 'होतं' म्हणणारे चरकसंहितेकडे बोट दाखवतात. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपानाचा विधी आहे आणि त्यासाठीच्या नळीची, म्हणजे धूमनेत्राची, मापंही दिलीत: दोष बाहेर काढणाऱ्या वैरेचनिक धूमाला २४ अंगुळं, स्निग्ध अशा स्नैहिकाला ३२, रोजच्या वापरातल्या प्रायोगिकाला ३६, नळी सरळ, तीन कोषांची, आणि टोकाचं भोक बोराच्या बीएवढं. मापं इतकी नेमकी आहेत की वाचणाऱ्याला हाच पाइपचा पूर्वज वाटावा. पण नीट बघितलं तर या नळीला वाडगाच, म्हणजे तंबाखू भरायची वाटीच, नाही. औषधाचा लेप बोरूच्या काडीवर चढवायचा, वाळवायचा, काडी काढून घ्यायची, उरलेली पोकळ वर्ती तूप लावून नळीच्या टोकाला बसवायची आणि पेटवायची, असा तो प्रकार आहे. म्हणजे नातं जोडायचंच तर ते चिरूट धरायच्या नळीशी जास्त जुळतं. धूर ओढायची सवय जुनी आणि तंबाखूचा पाइप नवा, असं धरणं त्यातल्या त्यात सुरक्षित.

हुक्क्याचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. प्रचलित समजूत अशी की अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने धूर पाण्यातून गाळायची युक्ती काढली आणि हुक्का झाला. अडचण तारखांची आहे. हे हकीमसाहेब १५८८-८९ च्या सुमारास वारले आणि तंबाखू अकबरापुढे आली ती १६०४-०५ च्या आसपास, म्हणजे मधे पंधराएक वर्षांची फट राहते. ही फट बुजवायला कुणी म्हणतं की हकीमाचा हुक्का दुसऱ्याच कसल्या धुरासाठी होता, कुणी म्हणतं की तंबाखू दरबारी नोंदीच्या आधीच उत्तरेत पोचली होती, आणि इराणचा पक्ष घेणारे अहली शिराजी (मृत्यू १५३५) या कवीच्या नावावरच्या हुक्क्याबद्दलच्या चार ओळी पुढे करतात, ज्यांच्या अस्सलपणाबद्दल पुन्हा शंका आहेतच. सुरुवातीचे साधे हुक्के नारळाच्या करवंटीचे असत ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी येते आणि ती वाचून कोकणी माणसाला हुक्का आपल्याच किनाऱ्यावर जन्मला असं म्हणायचा मोह होतो. नारळ मलबारातही आहे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही आहे, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

त्यामानाने खात्रीचा धागा विजापूरचा. असद बेग हा अकबराचा वकील शाहजादा दानियालसाठी ठरलेली राजकन्या आणायला इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या दरबारी गेला होता. हिंदुस्थानात आपण कधी न पाहिलेली तंबाखू आपल्याला विजापुरात मिळाली, असं तो स्वतः लिहितो. ती त्याने बरोबर घेतली आणि सोबत एक पाइपही सजवून नेला. त्याची नळी अचीनची, म्हणजे सुमात्रा बेटावरच्या आचेहची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावाचं आणि मिन्याचं काम, तोंडाशी धरायला येमेनी अकीक. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, आणि बादशहाने पुढे तंबाखूचा नाद केला नाही. सरदारांना मात्र चटक लागली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचं फर्मान काढलं, ते फारसं कुणी जुमानलं नाही. या हकिगतीतलं कोकणाचं नाव गाळलं जातं, पण आदिलशाहीचा समुद्राकडचा मोठा दरवाजा दाभोळ होता आणि खाली गोवा, वर चौल पोर्तुगीजांकडे होतं, तेव्हा आचेहची नळी आणि येमेनचा अकीक विजापूरला पोचले ते याच किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी बंदरातून असावेत. इकडच्या पाइपचं तपशीलवार असं जे जुनं वर्णन मिळतं, ते ओढण्यापेक्षा मिरवायच्या वस्तूचं आहे, ही गोष्ट जमवणाऱ्यांनी पाठ करून ठेवण्यासारखी!

चिलीम

कुंभाराकडची मातीची चिलीम सगळ्यांत जास्त वापरली गेली आणि सगळ्यांत कमी जपली गेली. आत खडा, खाली ओली छापी, म्हणजे फडकं, वर तंबाखू आणि निखारा. तडकली की टाकून दुसरी घ्यायची. जुनी, वापरलेली, ठिकाण सांगता येईल अशी चिलीम त्यामुळेच संग्रहात क्वचित दिसते, आणि बिदरी कामाचा हुक्क्याचा तळ मात्र देशोदेशीच्या म्युझियममध्ये असतो. म्युझियममधला हुक्का बघून लोक काय ओढत होते याचा अंदाज बांधू नये.

पांढऱ्या मातीचे पाइप आणि भोकाचं गणित

डच आणि इंग्रज वखारवाल्यांचा पाइप पांढऱ्या मातीचा, लांब दांडीचा, साच्यात दाबून केलेला. इंग्लंडात तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. हॉलंडात गौडा हे गाव त्याचं मोठं केंद्र झालं, तिथल्या कारागिरांचा संघ १६६० चा. कोकणात डचांची वखार वेंगुर्ल्याला होती (स्थापना १६३७, काही ठिकाणी १६३८) आणि इंग्रजांची राजापूरला, जी शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. वेंगुर्ल्याच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. तिथे आपल्याला एखादा पांढरा तुकडा मिळेल या आशेने माती उकरत बसणाऱ्यांना इथेच सांगून ठेवतो की ती संरक्षित वास्तू आहे, तिथे उकरायला मनाई आहे.

हे पाइप स्वस्त, ठिसूळ आणि पटकन फेकून द्यायचे असल्यामुळे जुन्या वस्तीच्या तारखा लावायला अभ्यासकांना फार उपयोगी पडतात. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जीन हॅरिंग्टनने १९५४ मध्ये दाखवून दिलं की दांडीतलं भोक काळागणिक बारीक होत गेलंय. मोजायची रीतही सोपी, ड्रिलचे बिट एकेक घालून बघायचे, माप इंचाच्या ६४ व्या भागात. त्याच्या कोष्टकात १६२० ते १६५० ला आठ भाग, १६५० ते १६८० ला सात, १६८० ते १७१० ला सहा, १७१० ते १७५० ला पाच आणि १७५० ते १८०० ला चार. लुई बिनफर्डने १९६२ मध्ये त्याचं सूत्र केलं: साल = १९३१.८५ वजा (३८.२६ गुणिले भोकाचं माप). म्हणजे ढिगातल्या तुकड्यांची सरासरी सात आली तर साल १६६४ च्या आसपास, सहा आली तर १७०२. याच सूत्राने १९३१ मध्ये भोक पूर्ण बुजायला हवं होतं, यावरून अभ्यासकांनी भरपूर विनोद केलेत, पण त्यात एक खरा इशारा आहे: अठराव्या शतकाच्या शेवटाकडे हे गणित बिघडतं. शिवाय सूत्र बसवलंय ते अमेरिकेतल्या वसाहतींत सापडलेल्या इंग्रजी पाइपांवर, डच पाइपला ते तितकंसं लागू पडत नाही. आणि एकट्या तुकड्यावरून तर साल काढूच नये, सरासरीला ढीग लागतो. डच तुकडा असेल तर वाडग्याखालच्या टाचेवरचा कारागिराचा शिक्का जास्त भरवशाचा, पण तोही आंधळेपणाने नाही, कारण गौडाचे शिक्के वारशाने जात, विकलेही जात, एकच शिक्का कित्येक दशकं वेगवेगळ्या हातांत दिसतो.

इथे ओढणारा आणि जमवणारा यांचं भांडणच उरत नाही. मातीचा तुकडा कुणी ओढणार नाही, आणि आतला काळा थर हाच तो वापरला गेल्याचा पुरावा, तो घासून काढणारा संग्राहक अडाणी समजावा.

ब्रायर, मीरशॉम

लाकडी पाइपचं लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने सुकवतात, मग घडवतात. साधारण १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावी हा धंदा उभा राहिला असं धरतात. नेपोलियनचं जन्मगाव बघायला कोर्सिकाला गेलेल्या कुणा भाविकाचा मीरशॉमचा, म्हणजे मऊ पांढऱ्या खनिजाचा, पाइप फुटला आणि तिथल्या शेतकऱ्याने त्याला गाठीचा पाइप कोरून दिला, ही कथा सगळीकडे छापलेली असते. कथा म्हणून झकास आहे.

किंमत ठरते ती शिक्क्यावर. लंडनच्या डनहिल कंपनीच्या पाइपच्या दांडीवरचा पांढरा ठिपका (१९१२ किंवा १९१५, दोन्ही तारखा दिसतात) मुळात ओढणाऱ्याच्या सोयीचा, वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. आज तो जमवणाऱ्याची खूण झालाय. 'मेड इन इंग्लंड'च्या शेजारच्या बारीक आकड्यावरून साल काढता येतं, म्हणून शिक्का पुसट झालेला पाइप कितीही गोड झुरका देत असला तरी भाव पडतो. आणि शिक्का पुसट होतो तो बहुतेक वेळा ओढून नाही, तर प्रेमाने पॉलिश करून करून. ओढणाऱ्याला वाडग्याच्या आत कार्बनचा पातळ थर हवा असतो, लाकूड त्याने जळत नाही. थर फार जाड झाला तर वाडगा तडकतो म्हणून खरवडायचा. एकदा ओढलेला पाइप दिवसभर तरी तसाच ठेवायचा, आतली ओल जायला हवी. म्हणून ओढणाऱ्याकडेही पाच-सात पाइप सहज जमतात आणि घरच्यांना तो संग्रहच वाटतो. जमवणाऱ्याच्या लेखी सगळ्यांत महाग तो कधीच न पेटलेला.

हे सगळं उलटं होतं ते फक्त मीरशॉममध्ये. हे सेपिओलाइट नावाचं मऊ, पांढरं खनिज, चांगला माल तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा, कोरडं असताना पाण्यावर तरंगतं. कोरून झाल्यावर त्याला मधमाशीच्या मेणात घोळवतात, आणि वर्षानुवर्षं ओढत गेलं की पांढऱ्याचं पिवळसर, मग मधासारखं, मग गडद तपकिरी होत जातं. हा रंगच त्याची किंमत, तेव्हा इथे जमवणाऱ्यालाही कुणी तरी ओढणारा लागतो, स्वतः नाहीतर आधीचा मालक. या पाइपला कार्बनचा थर मात्र साठू द्यायचा नसतो, ब्रायरची सवय इथे नडते. गरम असताना त्याला बोटं लावायची नाहीत हा जुन्या लोकांचा नियम आहे.

कोकणातली हवा

वरची सगळी शिकवण कोरड्या हवेतली. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, पाइपला न येऊन सांगते कुणाला. ओढून नीट न सुकवलेल्या वाडग्यात आठवड्याभरात पांढरा केसाळ थर दिसतो. व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, काळी दांडी उजेडाने आणि ओलीने हिरवट-तपकिरी पडते आणि तोंडात धरली की कडू लागते. चांदीची कडी काळवंडते. ओलं मीरशॉम मऊ पडतं, नखाने ओरखडा उठतो.

उपायावर पुन्हा तीच फूट. जमवणारा कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीतर कापूर ठेवून मोकळा होतो, ओढणाऱ्याच्या दृष्टीने तो पाइप त्याच दिवशी मेला, कारण तो वास लाकडात मुरला की पुढच्या प्रत्येक झुरक्यात येत राहतो. दोघांना चालेल अशी तोड म्हणजे सिलिका जेलच्या पुड्या, घट्ट झाकणाचा डबा, आणि पावसाने उघडीप दिली की सावलीतला वारा. ऊन नको, दांडी त्यानेच जाते. दांडी आणि वाडगा वेगळे करून ठेवावेत, जोडलेले ठेवले तर लाकूड फुगून सांध्यात अडकतं. मग ओढून काढायला गेलं की दांडीचं टोक आतच राहतं.

बाजार आणि कायदा

जुने पाइप मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर बघायला मिळतात. 'जुना पितळी हुक्का' म्हणून मांडलेल्या मालापैकी बराचसा शोभेसाठी हल्ली घडवलेला असतो. आत काजळी नाही, नळीच्या तोंडाशी झीज नाही, म्हणजे समजून जावं. खरोखरची शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात मोडू शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तोंडाशी हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा (१९७२) आडवा येतो, त्याची विक्री बेकायदा आहे, आजोबांचा पाइप असला तरी.

ओढण्याचं म्हणाल तर सार्वजनिक जागी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मनाई कडक झाली आणि महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये बंदी आली. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे; पाइपच्या धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शोषलं जातं, आणि तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर पाइपवाल्यांनाही होतो. दुसऱ्याचा ओढलेला पाइप विकत घेणारे मीठ आणि स्पिरिट भरून तो रात्रभर ठेवतात आणि सकाळी पुसून घेतात. त्याने वास जातो, पण मीरशॉमला ही रीत लावू नये.