रुग्णाच्या फेरीचे पैसे देणे सरकारकडे कसे आले?

अमेरिकेत व्हीलचेअर चढेल अशी व्हॅन घेऊन रुग्णांची ने-आण सुरू करणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: गाडीत बसणारा रुग्ण बहुतेकदा पैसे देत नाही. पैसे येतात मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी योजनेतून, तेही बऱ्याच राज्यांत ब्रोकरमार्फत, म्हणजे राज्याच्या वतीने फेऱ्या वाटून देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत. या व्यवसायाची मुळे बाजारात कमी आणि कायद्यात जास्त आहेत.

१९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारेच चालवत. माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. १९६६ साली अपघाती मृत्यूंवरच्या एका गाजलेल्या अहवालाने या व्यवस्थेचे वाभाडे काढले. १९७३ च्या आपत्कालीन सेवा कायद्यानंतर रुग्णवाहिका सुसज्ज झाल्या, प्रशिक्षित माणसे आली आणि खर्चही वाढला. मग नुसत्या तपासणीला जायचे असलेल्या, पण बसमध्ये चढू न शकणाऱ्या आजोबांना नेणार कोण?

त्याचे उत्तर मेडिकेडमध्ये तयार होत होते. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या योजनेच्या कायद्यावर सही केली. लाभार्थी उपचारापर्यंत पोहोचेल याची खात्री राज्यांनी द्यावी, ही अट मात्र नंतर नियमांतून आली. १९७४ मध्ये ‘स्मिथ विरुद्ध व्हॉवेल’ खटल्यात टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने ती अट राज्यावर बंधनकारक ठरवली. माझ्या मते या व्यवसायाची खरी पायाभरणी इथे झाली.

गिऱ्हाईक दिले डायलिसिसने. १९७२ च्या कायदादुरुस्तीने मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा उपचारखर्च मेडिकेअरने उचलला. मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची योजना. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी तीन-चार तास, आणि नंतर इतका थकवा की अनेकांना स्वतः गाडी चालवणे झेपत नाही. उपचाराचे पैसे मिळाले, पण मूळ मेडिकेअर प्रवासाचे पैसे मोजक्या परिस्थितीतच, आणि तेही रुग्णवाहिकेसाठीच देते. हा भार मेडिकेडवर, कुटुंबावर किंवा खिशावर आला. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होणाऱ्या या फेऱ्यांवर आजही अनेक छोटे चालक तग धरून आहेत.

गाडीचा प्रश्न सोडवण्यात इंडियानाच्या राल्फ ब्राउन यांचा मोठा वाटा. स्नायूंच्या आजारामुळे ते स्वतः चालू शकत नसत. १९७०च्या सुमारास त्यांनी व्हॅनला लिफ्ट बसवली आणि पुढे त्याचाच कारखाना काढला. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने सार्वजनिक बससेवांना, बस वापरू न शकणाऱ्या अपंगांसाठी पर्यायी वाहतूक देणे भाग पाडले, पण बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यातच. पट्ट्याबाहेर राहणाऱ्याला खासगी व्हॅनच शोधावी लागली.

ब्रोकर हे नवख्याला सर्वाधिक चकवणारे प्रकरण. डेफिसिट रिडक्शन अॅक्ट २००५ मुळे राज्यांना केंद्र सरकारकडे नियमातून वेगळी सूट न मागता मेडिकेडच्या फेऱ्यांचे काम ब्रोकरकडे सोपवता येऊ लागले. अनेक ठिकाणी ब्रोकरला दर लाभार्थ्यामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते. फेऱ्या वाढल्या की त्याचा नफा घटतो आणि चालकाच्या दरावर ताण येतो. रुग्ण दारात आलाच नाही, तर त्या फेरीचे पैसे सहसा मिळत नाहीत. गाडी घेण्याआधी हे कंत्राट ओळ न् ओळ वाचावे, असे मी कळकळीने सांगेन.

लाभार्थ्याला उपचारापर्यंत पोहोचवण्याची हमी २०२० पर्यंत मुख्यतः नियमांच्याच आधारावर होती. आयोवा आणि इंडियानाने काही लाभार्थ्यांपुरती तिच्यातून सूटही मिळवली. २७ डिसेंबर २०२० रोजी सही झालेल्या खर्चविधेयकाने ती थेट मेडिकेडच्या कायद्यात घातली, सोबत चालकाच्या वैध परवान्यासारख्या किमान अटीही. फेरीचा दर मात्र त्या कायद्याने ठरवलेला नाही. तो राज्याच्या दरपत्रकात किंवा ब्रोकरच्या कंत्राटातच पाहावा लागतो.