पश्चिमेकडे सरकत गेलेली राजधानी : नागपूरची पार्श्वभूमी

१९५० ते १९५६ या काळात मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आज पुण्या-मुंबईच्या बऱ्याच वाचकांच्या ध्यानात नसते. नागपूरच्या नव्या पिढीलाही ती आठवण करून द्यावी लागते. हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात येणारा माणूस विमानतळावरून वर्धा रोडने सरळ सिव्हिल लाइन्समध्ये जातो. विधानभवन, रवी भवन, आमदार निवास एवढे पाहतो, सीताबर्डीवर जेवतो, जमले तर तर्री-पोहे खातो आणि परततो. रुंद रस्ते, जुनी झाडे, लांबच लांब आवारांतले बंगले पाहून हे शहर कोणीतरी राजधानी म्हणून आखूनच वसवले असावे, असा त्याचा समज होतो.

तो समज अर्धाच खरा आहे. चंदीगड, गांधीनगर किंवा शेजारचे नवा रायपूर ज्या अर्थाने आखून उभारले गेले, त्या अर्थाने नागपूर कधीच एका आराखड्यातून उभे राहिले नाही. इथे आलेल्या प्रत्येक नव्या सत्तेने आधीच्या सत्तेचे शहर बहुतेक होते तसे सोडले आणि आपले कामकाज त्याच्या पश्चिमेला थाटले. म्हणून महाल या जुन्या वस्तीतून निघून पश्चिमेकडे चालत गेले तर साधारण शतकागणिक एक राजधानी लागते.

सुरुवात गोंडांची. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाच्या दरबारी गेला. गादीच्या वादात त्याला पाठबळ हवे होते. त्याने इस्लाम स्वीकारला, ‘बख्त बुलंद’ हा किताब घेतला आणि राज्य मिळवले. पुढे मोगल दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतलेले पाहून त्याने त्यांच्याच मुलखात हात मारायला कमी केले नाही. देवगड हा डोंगरातला किल्ला. शत्रूला तोंड द्यायला उत्तम, पण शेतीसाठी आणि बाजारपेठेसाठी अडचणीचा. बख्त बुलंदाने नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास नवे गाव वसवले. या वाड्यांना ‘राजापूर बारसा’ म्हणत. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांना बाहेरून बोलावून त्याने इथे जमिनी दिल्या. त्याचा वारस चांद सुलतान याने गावाला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. हाच पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आता गांधीसागर म्हणून ओळखला जातो.

भोसल्यांचा प्रवेश घरातल्या भांडणातून झाला. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादी बळकावली गेली, तेव्हा त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजींनी तिच्या मुलांना गादी मिळवून दिली. मग भावाभावांत तंटा लागला आणि १७४३ च्या सुमारास कारभार रघूजींच्याच हाती आला. पण त्यांनी गोंड राजाला हाकलले नाही. नेमणूक देऊन, मान राखून त्याला नागपुरातच ठेवले. महालात गोंड राजाचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा एकाच वस्तीत आहेत, त्याचे कारण हे. इथूनच कटकपर्यंतचा मुलूख सांभाळला गेला आणि इथूनच बंगालवर स्वाऱ्या निघाल्या. महाल, इतवारी, शुक्रवारी या भागांतल्या अरुंद गल्ल्या आणि वारांच्या नावांचे बाजार भोसले काळाची आठवण देतात. पहिल्या रघूजींची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने विकत आणली. तिची बातमी गाजली खरी. पण ज्या शहरातून ती तलवार निघाली ते जुने नागपूर पाहायला त्या निमित्ताने किती लोक महालात गेले असतील, याची मला शंकाच आहे.

सत्तेने शहराबाहेर पाऊल टाकले ते इंग्रजांच्या काळात. तटाच्या पश्चिमेला सीताबर्डीच्या दोन टेकड्या, आणि त्यांच्या पलीकडे कंपनीच्या रेसिडेंटचे ठाणे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांची लढाई याच टेकड्यांवर झाली. संख्येने कमी असूनही इंग्रज टिकले. नंतर त्यांनी टेकडीवर किल्ला बांधला. पाहायला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : हा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून वर्षातले मोजके दिवस, म्हणजे २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच सर्वांसाठी उघडतो. वरून पूर्वेला महाल आणि पश्चिमेला सिव्हिल लाइन्स अशी दोन शहरे वेगवेगळी दिसतात, मध्ये रेल्वेचे रूळ. या शहराची घडण समजून घ्यायला इतकी चांगली जागा दुसरी नाही, आणि तीच जवळजवळ वर्षभर बंद, हे आमचे दुर्दैव.

लढाईनंतर राज्य नावापुरते उरले. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस वारसाशिवाय वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. जडजवाहीर कलकत्त्याला गेले, हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात निघाले. शहराच्या मनातून ही सल अजून गेलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या मारबतीचा, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याचा, संबंध लोक राजघराण्यातल्या बाकाबाईंशी जोडतात. त्या इंग्रजांना सामील झाल्या, असे सांगितले जाते. आरोप खरा किती, यावर इतिहासकार वाद घालतील. पण ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत इतवारीतून लोटणारी गर्दी दरवर्षी तो निकाल देऊन मोकळी होते. मागून येणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषांच्या पुतळ्यांवर, मात्र त्या त्या वर्षीचे पुढारी आणि भाववाढ.

२ नोव्हेंबर १८६१ रोजी नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा मुलूख जोडून मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. आजची सिव्हिल लाइन्स तेव्हापासूनची. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याच्या काळात, १८६३ मध्ये, मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. आत ठेवलेल्या चमत्कारिक वस्तू पाहून लोकांनी त्याचे नाव पाडले अजब बंगला; रिक्षावाल्याला आजही हेच नाव सांगावे लागते. १८६७ मध्ये रेल्वे आली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस, मँगनीजच्या खाणी आणि चारही दिशांना जाणारे लोहमार्ग यांच्या जोरावर शहर फुगत गेले. १९०३ मध्ये वऱ्हाडही कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला.

झीरो माइलचा दगड याच काळातला. भूमापनासाठी १९०७ मध्ये उभारलेल्या या खुणेजवळ फोटो काढताना ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे सगळेच म्हणतात, माहिती सांगणारेही. खरे तर ती उंची मोजण्यासाठीची सर्वेक्षणाची खूण आहे. देशाचा भौगोलिक मध्य म्हणून जे ठिकाण सांगितले जाते, ते मध्य प्रदेशातले करौंदी. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब देखणे आहेत, एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

इंग्रजी राजधानीचा सर्वांत ठाशीव अवशेष म्हणजे उच्च न्यायालयाची इमारत. नागपूर उच्च न्यायालय जानेवारी १९३६ मध्ये स्थापन झाले. पायाभरणी १९३७ मध्ये झाली आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो याच्या हस्ते उद्घाटन. वास्तुविशारद होते हेन्री मेड, नवी दिल्लीच्या उभारणीत लुट्येन्स-बेकर यांच्या हाताखाली तयार झालेले. दिल्लीतली दोन मोठी चर्चेही त्यांचीच. त्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या या घुमटासमोर उभे राहिले की दिल्लीच्या रायसीना टेकडीची आठवण येते, ती उगाच नाही. एका प्रांताच्या न्यायालयासाठी एवढा डौल कशाला, असे वाटू शकते. पण तेव्हा ही राजधानी पुढची शंभर वर्षे टिकेल, असाच सगळ्यांचा हिशोब होता.

जवळजवळ त्याच वेळी शहराच्या वाढीला पहिल्यांदा नियोजनाची शिस्त लागली. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला; लोकांच्या तोंडी एनआयटी. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर असा पश्चिम नागपूरचा नीटस चेहरा हळूहळू तयार झाला, तो या काळात आणि त्यानंतर. प्रत्येक वसाहतीला ‘लेआउट’ म्हणायची इथली सवयही त्यातूनच आलेली. प्लॉट घेणारा आधी विचारतो, ‘आरएल आहे का?’, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र मिळाले आहे का. कारण नियोजनाची दुसरी बाजूही याच शहरात आहे : शेतीचे तुकडे पाडून वसलेल्या, गुंठेवारीत अडकलेल्या वस्त्या. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे आकडे नागपुरात पत्त्यासारखे वापरले जातात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे शहर कोणी दाखवत नाही.

आता १९५६. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता. संयुक्त महाराष्ट्रात यायचे तर विदर्भाला काय मिळणार, हा प्रश्न होता. सरकारने दरवर्षी ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे घ्यावे, हे त्याचे एक उत्तर. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे अशांच्या त्यावर सह्या आहेत. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांना स्वतंत्र विदर्भच हवा होता. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाझल अली आयोगाने १९५५ मध्ये तशीच शिफारस केली, आठ जिल्ह्यांच्या राज्याची. ती मानली गेली नाही.

१९५६ च्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच का निवडले, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नाग लोकांचा इतिहास सांगून दिले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, नागपूरची राजधानी गेली. शहर द्विभाषिक मुंबई राज्यात आले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सचिवालयातल्या कारकुनांपासून अभियंत्यांपर्यंत कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला हलली. मंत्र्यांच्या बंगल्यांचे आवाज थांबले, त्याच महिन्यापासून दीक्षाभूमीकडे माणसांचा ओघ सुरू झाला. आज वर्षातल्या एका दिवशी सर्वाधिक माणसे नागपुरात येतात ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, अधिवेशनाला नव्हे.

महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये पहिले हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले. तेव्हापासून शहराला ‘उपराजधानी’ हे पद चिकटले. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे अधिवेशन मुंबईतच झाले, तेव्हा इथे कराराची आठवण पुन्हा निघाली. एरवी डिसेंबरात काही दिवस मोर्चे, पोलिसांच्या राहुट्या आणि ‘रामगिरी’, ‘देवगिरी’ या बंगल्यांवरची धावपळ असते. गाड्यांचा ताफा गेला की सिव्हिल लाइन्स पुन्हा झाडांच्या स्वाधीन. हे मानाचे की तोंडी लावण्याचे, यावर नागपूरकरांत एकमत नाही. माझे मत विचाराल तर, इमारती आधीच तयार असल्यामुळे ही उपराजधानी सरकारला फार स्वस्तात पडली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ला मान्यता दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधनी आणि लाडगाव परिसरात सुमारे ६९२ हेक्टरवर आंतरराष्ट्रीय व्यवसाय व वित्त केंद्र उभारायची ही योजना. हिंगणा नैऋत्येला आहे. जुनी खोड सुटलेली दिसत नाही.

शहर पाहून झाल्यावर एक दिवस बाहेर काढावा, कारण या परिसराने नागपूरच्या आधीही राजधान्या पाहिल्या आहेत. रामटेक सुमारे पन्नास किलोमीटरवर. त्याच्या दक्षिणेला नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन, असे अभ्यासक मानतात. चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात इथून प्रभावतीगुप्ता राज्य चालवत होती : गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, रुद्रसेनाची विधवा, लहान मुलांच्या वतीने कारभार पाहणारी राणी. डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने अलीकडे केलेल्या उत्खननात तिच्या नावाचा मातीचा मुद्रांक सापडला. नगरधनला आज जो किल्ला दिसतो तो मात्र नंतरचा, भोसले काळातला. आत विहिरीच्या पोटात देवीचे स्थान आहे, ते चुकवू नये.

तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने राजधानी प्रवरपुराला नेली. ते कुठले, यावर वाद आहे. नागपूरचे प्राच्यविद्यापंडित वा. वि. मिराशी यांनी वर्ध्याजवळचे पवनार सांगितले. मनसरच्या टेकडीवर मोठे अवशेष निघाल्यावर अनेकांचा कौल तिकडे वळला. मनसर रामटेकहून जवळ आहे, पवनार वर्धा-सेवाग्रामच्या वाटेवर. दोन्ही पाहून आपला पक्ष ठरवता येतो.

देवगडला जायचे तर सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याच्या दिशेने निघावे लागते आणि राज्याची सीमा ओलांडावी लागते. १९५६ च्या वाटणीत बख्त बुलंदाचा मूळ किल्ला मध्य प्रदेशात राहिला, त्याने वसवलेले शहर इकडे आले. सौंसर, पांढुर्ण्याच्या बाजारात मराठी अजून सहज कानावर पडते आणि तिथले कितीतरी रुग्ण आणि विद्यार्थी भोपाळपेक्षा नागपूरचीच गाडी धरतात.