मरीझा

मरीझा (जन्म १६ डिसेंबर १९७३) ही पोर्तुगालमधील फादो या गायनप्रकाराची आजच्या काळातील अग्रगण्य गायिका आहे. तिचे मूळ नाव मारिसा दुश रेइश नुनेश असे असून तिचा जन्म तेव्हाच्या पोर्तुगीज मोझांबीकमध्ये, लोरेंसो मार्किश (आजचे मापुतो) या शहरात झाला. वडील पोर्तुगीज आणि आई मोझांबीकची. मोझांबीक १९७५ साली स्वतंत्र झाल्यानंतर, ती तीन वर्षांची असताना, हे कुटुंब लिस्बनला आले आणि मोरारिया या वस्तीत स्थिरावले. मोरारिया हे फादोच्या उगमस्थानांपैकी एक मानले जाते. एकोणिसाव्या शतकातील, दंतकथा होऊन राहिलेली गायिका मारिया सेव्हेरा (१८२०–१८४६) याच वस्तीशी जोडलेली होती. मरीझाच्या आईवडिलांचे तेथे छोटेसे खाणावळवजा मद्यगृह होते आणि तेथे फादोच्या बैठकी होत. लहान मरीझाला अजून वाचता येत नव्हते, म्हणून वडील तिला गाण्याचे शब्द लक्षात राहावेत यासाठी चित्रे काढून देत, आणि ती चित्रे पाहत वयाच्या पाचव्या वर्षापासून ती गाऊ लागली.

तिने फादोत नेमके काय नवे आणले हे समजण्यासाठी या प्रकाराची घडण पाहावी लागते. लिस्बनच्या फादोत एक गायक किंवा गायिका, बारा तारांची म्हणजे सहा जोड्यांची पोर्तुगीज गिटार आणि साथीला साधी गिटार एवढाच मूळ संच असतो. पारंपरिक फादोच्या चाली मोजक्या असून त्या वृत्ताला बांधलेल्या असतात. एकाच वृत्तातले वेगवेगळे अभंग एका चालीवर म्हणता यावेत, तशी नवी कविता जुन्या चालीत बसवता येते. चाल ठरलेली असली तरी शब्द कोठे लांबवायचा, कोठे थांबायचे, लयीच्या मागे किती रेंगाळायचे याचे स्वातंत्र्य गाणाऱ्याला असते आणि त्याचा कस तेथेच लागतो. विसाव्या शतकात अमालिया रॉड्रिग्ज (१९२०–१९९९) हिने मोठ्या कवींच्या रचना गाऊन फादोला जगभर नेले. मात्र सालाझारने उभारलेली हुकूमशाही १९७४ च्या क्रांतीने संपल्यानंतर हा प्रकार त्या राजवटीशी जोडला गेला आणि तरुण पिढीने काही काळ त्याच्याकडे पाठ फिरवली. मरीझाही तरुणपणी सोल, गॉस्पेल आणि जॅझ हे अमेरिकी प्रकार गात होती.

ऑक्टोबर १९९९ मध्ये अमालियाचे निधन झाले. त्यानंतरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत मरीझाचा आवाज देशभर ऐकला गेला. २००१ साली ‘फादो एम मिम’ हा तिचा पहिला अल्बम निघाला. त्यातील ‘ओ जेंत दा मिन्या तेर्रा’ या गाण्याचे शब्द अमालियाचे आहेत, चाल मात्र तियागो माशादू या तरुण संगीतकाराने नव्याने दिलेली आहे. लिस्बनमध्ये बेलेमच्या बुरुजापाशी खुल्या मैदानात झालेल्या मैफलीत, जिचे ध्वनिमुद्रण २००६ साली ‘कोन्सेर्तु एम लिश्बोआ’ म्हणून प्रसिद्ध झाले, हेच गाणे गाताना तिला रडू कोसळले. फादोत आवाज भरून येणे हे कौशल्याचा भाग असते. येथे मात्र ते कौशल्याच्या पलीकडे गेले होते.

तिच्या गायनातील आफ्रिकी अंग याहून महत्त्वाचे आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘बार्कु नेग्रु’ हे अमालियामुळे प्रसिद्ध झालेले गाणे मुळात ‘माय प्रेता’ या ब्राझिली गाण्याच्या चालीवर आहे. ते मूळ गाणे गोऱ्या मालकाच्या मुलाला वाढवणाऱ्या काळ्या गुलाम दाईविषयी होते आणि पोर्तुगालमध्ये त्यावर बंदी आली, म्हणून कवी दाविद मोराँव-फेरेइरा यांनी त्या चालीवर प्रियकराच्या विरहाचे नवे शब्द लिहिले. मरीझा हे गाणे ढोलांच्या जोरकस साथीने गाते. शब्द तेच विरहाचे राहतात, पण चालीत दडलेली जुनी व्यथा तालातून वर येते. ‘ट्रान्सपारेंत’ (२००५) या अल्बमचे शीर्षकगीत तर थेट काळ्या आजीविषयी आहे. हा अल्बम ब्राझीलमध्ये चेलोवादक झाक मोरेलेनबाउम यांच्या संगीतसंयोजनाखाली तयार झाला. पुढे ‘तेर्रा’ (२००८) मध्ये स्पेनचे निर्माते हाविएर लिमोन यांच्यासह तिने स्पेनचा फ्लामेंको आणि केप व्हर्द बेटांवरील मोर्ना या गायनप्रकारांशी जवळीक साधली.

आखूड, जवळजवळ पांढरे दिसणारे सोनेरी केस, भव्य पायघोळ पोशाख आणि रंगमंचावरचा मोकळा वावर यांमुळे काही परंपरावाद्यांनी तिच्यावर टीका केली. काळी शाल पांघरून, डोळे मिटून, जागेवर उभे राहून गाणारी गायिका हीच त्यांची कल्पना होती. मरीझाला २००३ साली बीबीसी रेडिओ ३ चा युरोप विभागातील जागतिक संगीत पुरस्कार मिळाला, आणि फादोला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळावे यासाठीच्या प्रयत्नांत ज्येष्ठ गायक कार्लुश दू कार्मू यांच्यासह ती सदिच्छादूत होती. हे स्थान नोव्हेंबर २०११ मध्ये मिळाले.

अमालियाच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२० मध्ये, तिने ‘मरीझा कांता अमालिया’ हा अल्बम काढला. त्यात मोरेलेनबाउम यांच्या संयोजनातील वाद्यवृंद ऐकू येतो. तिचे नवेपण जवळून ऐकायचे असेल तर मात्र ‘फादो त्रादिसिओनाल’ (२०१०) अधिक उपयोगी आहे. त्यात साथ फादोच्या नेहमीच्या तंतुवाद्यांचीच आहे आणि भर जुन्या चालींवर आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटी ती स्वर किती वेळ धरून ठेवते आणि कोणत्या क्षणी सोडते, ते स्पष्ट ऐकू येते.