जपानी हायस्कूलची स्टुडंट कौन्सिल: १९६९ चं परिपत्रक आणि त्याच्या आगेमागे

अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना सेइतोकाई, म्हणजे शाळेची स्टुडंट कौन्सिल, काय असते ते वेगळं सांगायला नको. प्रशस्त ऑफिस, प्रिन्सिपललाही गप्प बसवणारी प्रेसिडेंट, एका सहीवर क्लब बंद वगैरे. खऱ्या शाळेत कौन्सिल म्हणजे क्लबांना पैसे वाटणं, सांस्कृतिक महोत्सवाची धावपळ, वर्षातून एकदोनदा सगळ्या शाळेची सभा, आणि प्रेसिडेंटच्या निवडणुकीला बऱ्याचदा एकच उमेदवार, त्यामुळे मतदान फक्त हो किंवा नाही एवढंच. ही अशी का झाली हे बघायला गेलं की गाडी दरवेळी १९६९ वर, विद्यार्थ्यांना राजकीय कृती बंद करणाऱ्या शिक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकावर, येऊन थांबते, म्हणून इथेही तेच वर्ष जास्त जागा खाणार आहे.

युद्धाआधीचं पटकन उरकतो. तेव्हा शाळांमध्ये कोयूकाई नावाची संस्था असायची, अध्यक्ष बहुतेक खुद्द मुख्याध्यापक, आणि खेळ, वक्तृत्व वगैरे मंडळं तिच्याखाली. १९४१ मध्ये वरून आदेश आला आणि त्यांचं रूपांतर युद्धाला हातभार लावणाऱ्या पथकांत झालं. मग पराभव, अमेरिकन ताबा, नवीन शिक्षण कायदे, १९४८ पासून नवीन पद्धतीची हायस्कुलं. लोकशाही पुस्तकातून शिकवून येत नाही, ती पोरांनी शाळेत करून बघावी असा तेव्हाचा सूर होता आणि कौन्सिल त्यातूनच आली.

पण अगदी सुरुवातीलाच एक खुंटी मारून ठेवलेली आहे. १९५१ च्या अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकेत मंत्रालय म्हणतं की ‘स्वशासन मंडळ’ असं नाव टाळा, त्याने मुख्याध्यापकाच्या अधिकाराबाहेर काही स्वतंत्र अधिकार असल्याचा गैरसमज होतो, नुसतं ‘विद्यार्थी मंडळ’ म्हणा. म्हणजे सत्ता मुख्याध्यापकाचीच, त्यातली थोडी मुलांना वापरायला दिलेली. तेव्हा ही मार्गदर्शिका निदान ‘तात्पुरता मसुदा’ म्हणून निघायची, १९६० च्या हायस्कूल आवृत्तीपासून ती बंधनकारक झाली.

त्याच १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध देश रस्त्यावर उतरला होता आणि मोर्चात हायस्कूलची पोरंही होती. क्योतो, कोची अशा ठिकाणी वेगवेगळ्या शाळांच्या कौन्सिलांनी एकत्र येऊन संघटना केल्या होत्या. वर्ष संपता संपता मंत्रालयाचं पत्र आलं, कौन्सिलांनी शाळेबाहेर असे संघ करणं योग्य नाही. प्रत्येक कौन्सिल आपापल्या कंपाउंडच्या आत. याच्यावर फारसं कोणी लिहीत नाही, पण मला वाटतं निम्मं काम तिथेच झालं होतं.

आता १९६९. जानेवारीत विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या तोक्यो विद्यापीठाच्या टॉवरवर पोलिसांनी चढाई केली ते बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच वर्षी हायस्कूलमध्येही पेटलं, मार्चमध्ये पदवीदान समारंभ उधळले गेले, नंतर काही शाळांत बॅरिकेड लागले, पोलीस आत आले. मागण्या मात्र बऱ्याच ठिकाणी एकदम घरगुती होत्या: युनिफॉर्म काढा, परीक्षा आणि मार्कांची पद्धत बदला, मीटिंग घ्यायला आणि पत्रक वाटायला परवानगी कशाला लागते. व्हिएतनामचं युद्ध होतंच, अमेरिकेच्या ताब्यातल्या ओकिनावा बेटांचा प्रश्न होता. शिवाय १९५० मध्ये शंभरातली बेचाळीसेक मुलं हायस्कूलला जायची, १९७० पर्यंत ब्याऐंशी जायला लागली, म्हणजे वर्ग गच्च, प्रवेश परीक्षेची मारामारी, आणि शिकवायची पद्धत जुनीच. बऱ्याच बंडखोरांचा राग तर कौन्सिलवरच होता, ही शाळेची बाहुली आहे म्हणून. तोक्योतल्या एका नामांकित खासगी शाळेत त्या काळानंतर कौन्सिल परत उभीच राहिली नाही, महोत्सव आणि क्लबांच्या वेगळ्या समित्याच तिथे कारभार बघतात.

३१ ऑक्टोबर १९६९ ला मंत्रालयाचं परिपत्रक निघालं. राजकारणाची समज शाळेत द्या, राजकीय कृती मात्र नको, असा एकंदर रोख. कारणं अनेक दिलीत पण पहिलं कारण नीट वाचण्यासारखं आहे: विद्यार्थी अल्पवयीन आहेत, त्यांना मताधिकार नाही, यावरूनच दिसतं की त्यांनी राजकीय कृती करावी अशी देशाची आणि समाजाची अपेक्षा नाही, उलट करू नये अशीच आहे. मग त्यावरून पुढे, तास असो, क्लब असो की कौन्सिल, सगळा शाळेच्या शिक्षणाचा भाग, तिथे राजकीय कृती बंद. शाळा सुटल्यावर शाळेच्या आवारात बंद. आणि सुटीच्या दिवशी शाळेबाहेर? तिथेही शाळेने आवर घालायचा.

बाजू घ्यायची नाही म्हटलं तरी एक सांगावंच लागेल. तेव्हाच्या शिक्षकांची अडचण खरी होती, बाहेरच्या गटांचे लोक पोरांना हाताशी धरत होते, मारामाऱ्या होत होत्या, आणि सोळा वर्षांच्या पोराचं डोकं फुटलं तर आईबापांना तोंड शाळेने द्यायचं. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि बॅरिकेड लावणाऱ्या मूठभरांसाठी काढलेला आदेश पुढची ४६ वर्षं प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लागू राहिला, हे जरा जास्तच झालं. त्याची सावली किती लांब पडली बघायचं तर तोक्योतल्या एका मुलाची केस आहे. ज्युनिअर हायस्कूलमध्ये असताना चळवळीत होता, शाळेने पुढच्या प्रवेशासाठीच्या गोपनीय अहवालात ते लिहून टाकलं, दिवसाच्या हायस्कूलचे प्रवेश एकामागून एक नाकारले गेले. तो कोर्टात गेला, खालच्या कोर्टात जिंकला, वरच्यात हरला आणि १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टातही हरला. पुढे तो खासदार झाला आणि २०११ मध्ये तोक्योच्या एका वॉर्डचा महापौर म्हणून निवडून आला.

त्या धामधुमीत मुलांच्या पदरात काहीच पडलं नाही असं नाही. तोक्यो आणि नागानोमधल्या कितीतरी सरकारी शाळांत युनिफॉर्म गेला तो तेव्हाच. पण सत्तरऐंशीच्या दशकात बाकी ठिकाणी उलटं झालं, केसांची लांबी, मोज्यांचा रंग, स्कर्टची उंची, सगळ्याला नियम, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला गेटवर कौन्सिलच्याच शिस्त समितीची पोरं उभी. प्रतिनिधी म्हणून निवडायचं आणि हवालदार म्हणून वापरायचं असा तो प्रकार.

१९९० मध्ये साइतामा प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलच्या कौन्सिलने स्वतःचा हक्कांचा जाहीरनामाच मंजूर करून घेतला. १९९४ मध्ये जपानने बालहक्क करार मान्य केला, पण मंत्रालयाने लगेच कळवलं की मत मांडायचा हक्क म्हणजे ते मत मान्य झालंच पाहिजे असं नाही. १९९८ च्या मार्चमध्ये त्याच साइतामाच्या शाळेत समारंभात राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत हवं की नको यावरून ठिणगी पडली, प्रिन्सिपलचा पदवीदान समारंभ एकीकडे आणि मुलांचा निरोप समारंभ दुसरीकडे, आणि बहुतेक मुलं आपल्याच कार्यक्रमाला गेली. नागानोत साधारण त्याच सुमारास एका शाळेने शांतपणे वेगळी वाट काढली, विद्यार्थी, पालक, शिक्षक अशी तिघांची बैठक, तिथे नियमांवर चर्चा. इतर काही शाळांनीही ती पद्धत उचलली, पण लाट वगैरे म्हणता येणार नाही.

मग २०१५. मतदानाचं वय १८ वर आणणारा कायदा झाला, म्हणजे बारावीच्या वर्गात मतदार बसणार हे ठरलं आणि १९६९ चं ते पहिलं कारणच गळून पडलं. २९ ऑक्टोबर २०१५ ला जुनं परिपत्रक मागे घेतलं गेलं, नवीन आलं. शाळेबाहेर आता मुभा, बऱ्याच अटींसह. मोर्चाला जाण्याआधी शाळेला कळवा असा नियम शाळा करू शकतात का, तर मंत्रालय म्हणालं करू शकतात, आणि एहिमे प्रांतातल्या सगळ्या प्रांतीय हायस्कुलांनी तो करूनही टाकला. पेपरांत सगळा गाजावाजा याच मुद्द्याचा झाला. कौन्सिलचं कलम मात्र जवळपास जसंच्या तसं नव्या कागदावर उतरलं: कौन्सिलची कामं शिक्षणाचा भाग, तिथे राजकीय कृती बंद. म्हणजे बारावीची मुलगी रविवारी मत देऊन येईल पण सोमवारी कौन्सिलच्या सभेत त्याच विषयावर ठराव मांडता येणार नाही.

अलीकडे गाजतंय ते नियमांचं प्रकरण. ओसाकात जन्मतः तपकिरी केस असलेल्या मुलीला शाळेने काळा रंग लावायला लावला म्हणून ती २०१७ मध्ये कोर्टात गेली. २०२१ मध्ये तिला ३ लाख ३० हजार येन मिळाले, तेही ती यायची थांबल्यावर शाळेने तिचं बाक आणि नाव काढून टाकलं त्याबद्दल, केसांचा नियम कोर्टाने गैर ठरवला नाही. २०२२ मध्ये तोक्योच्या सरकारी हायस्कुलांतून अंतर्वस्त्रांच्या रंगासारखे नियम गेले, आणि वर्षअखेरीस आलेल्या मंत्रालयाच्या नव्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की नियम वेबसाइटवर टाका, बदलताना मुलांना सामील करून घ्या. त्यामुळे कौन्सिलांना बऱ्याच वर्षांनी खरं काम मिळालंय. वर्गात चर्चा, मग प्रतिनिधी, मग सगळ्या शाळेची सभा, मग शिक्षकांची बैठक, मग प्रिन्सिपलची सही, असा प्रस्तावाचा प्रवास. शेवटचा शब्द प्रिन्सिपलचा, हे १९५१ पासून बदललेलं नाही. मधल्या काळात शिक्षकांच्या बैठकीचं वजनही कमी झालंय, २००० मध्ये नियम बदलून ती फक्त प्रिन्सिपलला मदत करणारी ठरली आणि तोक्योत २००६ पासून त्या बैठकीत हात वर करून मत घ्यायलाच मनाई झाली. मोज्यांच्या रंगावर मुलांच्या सभेत मतदान होतं, त्यानंतरच्या पायरीवर होत नाही.