आरसा न्हाणीत आला, आणि पुढे

आंघोळीनंतर आरसा धुरकट होतो, साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांत हा प्रश्न नव्हता. बंब मोरीच्या कडेला धुमसायचा, पाणी घंगाळात विसणलं जायचं आणि आरसा सोप्यात खुंटीला. बायकांचा फणेरपेटीच्या झाकणात. दाढी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून, उजेडात.

आरसा आत शिरला तो फ्लॅटमधल्या बेसिनबरोबर. मग तिथेच गिझर, बादलीच्या जागी शॉवर. शॉवरमध्ये पाणी फुटून बारीक होतं, बाष्प जास्त सुटतं. ते जायला झरोका होता, पण तो डक्टमध्ये उघडायचा आणि डक्टमध्ये कबुतरं. ठोकलं प्लायवूड. उरलेले झरोके फॉल्स सीलिंगने झाकले. चूक झाली ती इथे. पुढचे सगळे उपाय म्हणजे त्या प्लायवूडच्या तुकड्याची भरपाई.

आता दुकानातला 'अँटी-फॉग' हा शब्द. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. फवारा किंवा फिल्म पाणी बसणं थांबवत नाही. ३० अंशांची हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते, १५ अंशांची जेमतेम १३. गार काचेला टेकली की उरलेलं काचेवर बसणारच. आपण त्याला वाफ म्हणतो, पण ते दहिवर, म्हणजे दव. थेंब सुटे असले की उजेड विखुरतो आणि काच पांढरी होते. फवाऱ्याचा किंवा साबणाचा पातळ हात असला तर तेच पाणी सपाट पसरतं आणि चेहरा दिसतो. १९६६ मध्ये एका अमेरिकी अंतराळवीराची यानाबाहेर असताना हेल्मेटची काच धुरकटली; पुढच्या मोहिमांत काचेला आतून असाच द्राव लावू लागले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरावर पाणी तसंच पसरतं हे दाखवलं, पण त्याला अतिनील किरण लागतात. गाडीच्या आरशाला ठीक, प्लायवूड ठोकलेल्या बाथरूमला नाही.

दुसरी गोष्ट आरशामागचा तापणारा पॅड. ही मात्र दहिवर बसूच देत नाही. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत कंदील बनायचे, त्या जिल्ह्याला हे नवं वाटायला नको. कंदील पेटवला की गार काच आतून आधी धुरकट होते, तापली की आपोआप निवळते. तोच न्याय.

एक्झॉस्ट पंखा हा तिसरा उपाय, फक्त दाराखालून हवा आत यायला फट हवी. पण पंखा लावला की अंगाला गार लागतं, म्हणून डिसेंबरात तो बंद. आरसा सगळ्यात गार असतो नेमका तेव्हाच. मग साबणाच्या ओल्या तळव्याने मधे एक गोल पुसायचा आणि दाढी उरकायची. दुसऱ्या दिवशी सगळी काच पांढरी होते, तेवढा गोल सोडून.