हातघाईत भाला कुठवर पोहोचतो? टेबलावरच्या नियमांची पन्नास वर्षं

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी) नवी नियमावली २०२४ साली आली, तरी नौपाड्यापासून खारघरपर्यंत आमच्या ओळखीच्या टेबलांवरून २०१४ चं पुस्तक काही हललेलं नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी असतात आणि वाद ठरलेला असतो. फेकभालेवाला योद्धा पाचव्या लेव्हलला पोहोचला की त्याला एका पाळीत दोन हल्ले मिळतात. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे पाळीत एकच वस्तू फुकटात हाताळता येते. पहिल्या फेरीत त्याने हातातला भाला फेकला, दुसरा उपसून तोही फेकला, इथवर जमतं. पुढच्या फेरीत हात रिकामा. एक उपसला, फेकला, की दुसरा हल्ला वाया. पाठीवर सहा भाले आहेत आणि उपयोग शून्य! २०२४ च्या पुस्तकात उपसणं हा फेकण्याचाच भाग धरला आहे, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही.

या वादाची मुळं खेळाच्या जन्माइतकी जुनी आहेत. हत्याराच्या लांबीचा फायदा नेमका कशात मोजायचा, आणि फेकलेलं हत्यार हातातून गेल्यावर त्या माणसाचं काय, हे दोन प्रश्न गेली पन्नास वर्षं प्रत्येक आवृत्तीने नव्याने सोडवले आहेत.

सुरुवात १९७१ मधल्या ‘चेनमेल’पासून करावी लागते. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे हे नियम मध्ययुगीन लढाया शिशाच्या छोट्या सैनिकांनी खेळण्यासाठी होते. त्यात एकास एक लढाईचा एक भाग होता आणि त्यासाठी हत्यारांची लांबीनुसार उतरंड लावलेली होती. सगळ्यात खाली खंजीर, मग हातकुऱ्हाड, गदा, तलवार असं चढत चढत वर भाले, हॅलबर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड), दोन हातांची तलवार आणि पाइक (खूप लांब भाला). नियम असा की पहिला घाव चाल करून येणाऱ्याचा. पण समोरच्याचं हत्यार दोन किंवा जास्त पायऱ्यांनी लांब असेल, तर पहिला घाव त्याचा. एकदा अंगाला अंग भिडलं की पुढच्या फेऱ्यांत मात्र आखूड हत्यारवाल्याला फायदा मिळू लागे.

हा नियम मला आजही थक्क करतो. पटावर एकही घर न मोजता, फक्त कोण आधी आणि कोण नंतर एवढ्यावर, भाल्याचं सगळं मर्म त्यात आलं आहे. भालेवाला समोरच्याला लांब ठेवतो तोवर राजा. खंजीरवाला टोकाच्या आत घुसला की भाला नुसती काठी. इथे लांबी वेळेत मोजलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे नेमकी हीच बदलली.

१९७४ मध्ये मूळ डी अँड डी आलं, पण त्यात लांबीला फारसं स्थान नव्हतं. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये गायगॅक्स यांनी ती कसर भरून काढली. तिथल्या हत्यारांच्या तक्त्यात प्रत्येक हत्याराची लांबी, ते चालवायला लागणारी जागा आणि त्याचा वेग, असे तीन वेगळे रकाने आहेत. दोन हातांची तलवार साधारण सहा फूट लांब आणि ती फिरवायला सहा फूट मोकळी जागा हवी. भाल्याला जागा लागते एक फूट, कारण तो भोसकायचा असतो, फिरवायचा नसतो. दहा फूट रुंदीच्या भुयारात पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, कशी उभी करायची, हे या एका रकान्यावरून ठरवता येई. कुणी धावून आला, तर इनिशिएटिव्हचा, म्हणजे आधी कोण हे ठरवणारा, फासा टाकायचाच नाही, ज्याचं हत्यार लांब त्याचा घाव आधी, हेही पुढच्या वर्षी आलेल्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे चेनमेलचा विचार जिवंत होता. अडचण एवढीच की इतके रकाने प्रत्येक घावाला बघायचे म्हणजे खेळ थांबतो, आणि बऱ्याच टेबलांनी ते सरळ सोडून दिले.

प्लेयर्स हँडबुकमध्येच फेकायच्या हत्यारांचा पल्ला इंचांत दिलेला आहे. हे इंच टेबलावरचे, शिशाच्या सैनिकांच्या काळातले. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर एक इंच म्हणजे दहा यार्ड. खंजिराचा जास्तीत जास्त पल्ला तीन इंच. त्यामुळे तोच खंजीर, तोच हात, भुयारात ३० फूट जाणार आणि मैदानात ९० फूट. बाणासाठी याला कारण आहे, कारण उंच कमान साधायला डोक्यावर छत नको. खंजिराला ते लागू पडत नाही. नव्वद फुटांवर खंजीर फेकून माणूस मारणं मला तरी पटत नाही.

फेकण्यातली आणखी एक गंमत दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८९ नंतर, ठळक झाली. डार्ट म्हणजे हाताने फेकायचा छोटा बाण, नुकसान एक ते तीन. पण एका फेरीत तो तीनदा फेकता येई आणि ताकदीचा बोनस प्रत्येक वेळी मिळे. ताकद १८/००, म्हणजे कमालीची, असलेल्या योद्ध्याला दर नेमामागे सहा जास्तीचे. झालं! तक्त्यातलं सगळ्यात क्षुल्लक हत्यार एका पहिलवानाच्या हातात तलवारीहून भयंकर ठरलं.

गायगॅक्स यांच्या टेबलाबाहेरही याच प्रश्नावर विचार चालू होता, आणि माझ्या मते जास्त नेमका. १९७८ च्या रूनक्वेस्ट या दुसऱ्या एका खेळामागचे स्टीव्ह पेरिन हे कॅलिफोर्नियातल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम या संस्थेच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. तिथे लोक चिलखत घालून, वेताच्या तलवारींनी खरोखर लढतात. त्या अनुभवातून स्ट्राइक रँक आला. बारा सेकंदांची फेरी, आणि तुमचा घाव कितव्या क्षणी पडेल हे तुमची चपळाई, तुमच्या देहाचा आकार आणि हत्याराची लांबी यांच्या बेरजेवरून. उंच माणूस, लांब हात, लांब भाला, म्हणजे घाव आधी. फेकायच्या हत्याराला मात्र फक्त चपळाई बघायची; हातातून सुटलेल्या भाल्याला तुमच्या उंचीशी काय देणंघेणं?

त्याच्या एक वर्ष आधी, १९७७ मध्ये, स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘मेली’ हा छोटासा खेळ आला होता आणि त्याने वेगळी वाट धरली. षटकोनी घरांचा पट, आणि भाल्यासारख्या लांब हत्याराने एक घर सोडून पलीकडच्यावर वार करता येणार. फेकायचं असेल तर मधल्या प्रत्येक घरामागे चपळाईतून एक वजा. लांबी आता वेळेऐवजी जागेत मोजली जाऊ लागली. जॅक्सन यांनीच १९८६ मध्ये गर्प्स ही नियमावली काढली आणि हा विचार टोकाला नेला. तिथे षटकोन एक यार्डाचा. दोन हातांनी धरलेल्या भाल्याची रीच, म्हणजे पोहोच, एक किंवा दोन यार्ड. पण एकावरून दोनवर जायचं तर पकड बदलण्यात एक पाळी घालवावी लागते. फेकण्याचा पल्ला ताकदीवरून काढायचा. ताकद १२ असेल, तर भाला १२ यार्डांपर्यंत पुरत्या जोराने लागतो आणि १८ यार्डांच्या पुढे जातच नाही. वाशीत आमच्या ओळखीचा एक गट अजून गर्प्सच खेळतो. त्यांच्या टेबलावर भालेवाला पकड बदलतो आणि समोरचा तेवढ्यात आत शिरतो, हे बघायला मिळतं. चेनमेलमधलं मर्म इथे पटावर दिसतं.

डी अँड डीमध्ये घरं मोजण्याची पद्धत पक्की व्हायला १९९५ उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या ‘कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स’ या पुरवणीने पाच फुटांची घरं आणि अटॅक ऑफ ऑपर्च्युनिटी (बेसावध सापडलेल्यावर फुकटचा घाव) आणले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ते मुख्य नियमांत घेतले आणि आज आपण ज्याला रीच म्हणतो ती तिथे घडली. लांब भाल्याने दहा फुटांवर वार होतो, पण शेजारच्या घरातल्यावर होत नाही. तुमच्या रीचमधून कुणी बेसावध चालत गेला, तर एक फुकटचा घाव. एका टोकाला लांब भालेवाला आणि त्याच्या पुढ्यात ढालवाला, ही जोडी या नियमामुळेच जमली. काटेरी साखळी, म्हणजे स्पाइक्ड चेन, हे एक हत्यार दूरही चालायचं आणि जवळही, म्हणून जो तो तीच घेऊन यायचा.

तिरक्या घरांचा घोळ याच काळातला. २००३ च्या सुधारित नियमांत पहिलं तिरकं घर पाच फूट, दुसरं दहा, असं मोजायचं. म्हणजे दोन घरं तिरकी गेलात की पंधरा फूट झाले, आणि तो हिशेब जसाच्या तसा लावला तर दहा फुटांची रीच कोपऱ्यापर्यंत पोहोचेना. गणिताच्या चौकटीच्या वहीत मधोमध भालेवाला काढा आणि त्याच्याभोवतीची घरं रंगवून बघा: चारही कोपरे कोरे राहतात. शत्रू कोपऱ्यातून तिरका चालत येतो आणि दहा फुटांवरचा घाव न खाता थेट शेजारी उभा राहतो. २०१९ च्या पाथफाइंडर या डी अँड डीच्या भाऊबंद खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने यावर स्पष्ट वाक्यच घातलं, की दहा फुटांची रीच दोन तिरक्या घरांपर्यंत धरायची. २००८ च्या चौथ्या डी अँड डीने त्याआधीच सगळी घरं, सरळ असोत की तिरकी, सारखीच मोजून विषय मिटवला होता.

चौथ्या आवृत्तीत रीचवाल्या हत्याराला शेजारच्यावरही वार करता येऊ लागला, आणि २०१४ च्या पाचवीत तेच राहिलं. रीच म्हणजे पाच फूट जास्त, बस. खेळ सोपा झाला हे खरं, आणि नवीन माणसाला टेबलावर बसवताना मला त्याचा फायदाच होतो. पण आत घुसण्याची ती लढत गेली, याची हळहळ वाटते. खंजीर घेऊन भालेवाल्याच्या अंगाशी जाण्यात आता काही कमावणं नाही. मात्र पोलआर्म मास्टर या फीटमध्ये (फीट म्हणजे पात्रासाठी निवडायचं खास कसब), रीचच्या आत पाऊल टाकणाऱ्यावर पहिला घाव भालाइताचा, हे कलम आहे. ते वाचलं की १९७१ चा नियम ओळखू येतो.

फेकण्याच्या बाजूला खरा पेच हाताचा. तिसऱ्या आवृत्तीत क्विक ड्रॉ हे फीट घेतल्याशिवाय फेरीत दोन खंजीर फेकणं अवघड होतं. मग ‘रिटर्निंग’ जादूचं हत्यार घ्यायचं, तर ते परत यायचं पुढच्या पाळीच्या तोंडावर, म्हणजे एका फेरीत एकच फेक. चौथीने हे उदारपणे सोडवलं: फेकायचं कुठलंही जादूचं हत्यार नेम झाला की लगेच हातात परत. पाचवीने ते काढून घेतलं आणि भालेवाले पुन्हा उपाशी राहिले. नोव्हेंबर २०२० च्या ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुरवणीत फेकणाऱ्यांसाठी खास फायटिंग स्टाइल (लढण्याची शैली) आली, त्यात उपसणं हल्ल्यातच धरलं. २०२४ ने ते सगळ्यांनाच दिलं. मी तर २०१४ चं पुस्तक चालवतानाही हे एक कलम नव्यातून उचलतो, आणि सगळ्या डीएमनी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) उचलावं असं मनापासून सांगतो.

२०१४ च्या पुस्तकातलं जाळं हा तर फेकण्याच्या नियमांतला सगळ्यात दुखरा भाग. पल्ला ५ फूट, लांबचा पल्ला १५. पाच फुटांच्या आत शत्रू असताना फेकलं तर डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा); पाचच्या पुढे फेकलं तर लांबचा पल्ला म्हणून डिसअ‍ॅडव्हांटेज. एखादं खास फीट नसेल, तर साधा सरळ नेम जवळजवळ कधीच नाही. आमच्यात चेंदणी कोळीवाड्यातला एक गडी आहे, घरात जाळं फेकणारी माणसं असलेला. त्याचं म्हणणं होतं की जाळ्याला टोकदार नेम लागतच नाही, ते पसरतं आणि समोरच्यालाच निसटावं लागतं. २०२४ च्या नियमांत अगदी तेच केलं आहे: पंधरा फुटांत टाका, चुकवायचं काम समोरच्याच्या सेव्हिंग थ्रोचं, म्हणजे बचावाच्या फाशाचं.

पट न मांडता खेळणाऱ्यांचीही एक परंपरा आहे. २०१२ च्या डंजन वर्ल्ड या खेळात फूट मोजतच नाहीत; हत्याराला हाताशी, जवळ, रीच, थोडं दूर, फार दूर असे शिक्के असतात आणि बाकीचं गोष्टीतून ठरतं.

आपल्याकडचं एक हत्यार मात्र यांपैकी कुठल्याच चौकटीत बसत नाही. विटा. मर्दानी खेळात तो आजही दाखवतात: भाल्याच्या बुडाला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. फेकूनही तो हातचा जात नाही, म्हणजे पन्नास वर्षांच्या नियमांनी ज्या रिकाम्या हाताशी झुंज दिली, तो इथे रिकामा होतच नाही. शिवकाळावरचा आमचा खेळ सुरू झाला तेव्हा ठाण्याच्या टेबलावर आम्ही त्याला असं बसवलं: नुकसान साध्या भाल्याचं, पल्ला १५ फूट आणि त्याच्या पुढे नाही, बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) खर्चून परत ओढायचा. त्याच पाळीत दुसरा हल्ला असेल, तर ओढून झाल्यावरच. ताणलेली दोरी शत्रूला तोडता येते. २०१४ च्या नियमांत दोरीचा आर्मर क्लास (नेम लागायला हवा तो आकडा) ११ आणि हिट पॉइंट (किती नुकसान सोसेल) २, तेच आकडे आम्ही जसेच्या तसे घेतले. त्यामुळे विटेकरी आता शेजारी एक ढालवाला घेऊनच उतरतात.