माहितीसत्र आणि आधारगट: कोणता प्रश्न कुठे विचारायचा

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की इंदूरच्या मराठी घरांत दोन सल्ले एकदमच येतात: हॉस्पिटलातल्या माहितीसत्राला जा, आणि यातून गेलेल्या बायकांना, म्हणजे त्यांच्या आधारगटाला, भेट. दोन्ही सारखंच समजून बाई एकीकडेच जाते, तिथे घोळ होतो.

माहितीसत्र नर्स, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट घेतात. त्यांना तुमचा रिपोर्ट वाचता येतो. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचं, म्हणजे ड्रेनचंच घ्या. बाटलीत साठलेलं पाणी रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहायचं. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की सर्जन नळी काढायचं बघतात. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. सत्राला घरातलं कुणीतरी सोबत न्या, घाबरलेल्या माणसाला निम्मं ऐकूच येत नाही. बोलणं हिंदीत, रिपोर्ट इंग्रजीत. अडलेला शब्द तिथेच लिहून घ्या.

आधारगटात मात्र एकटीनं जावं. सासूबाई शेजारी असल्या की "आरशात बघवत नाही" हे तोंडातून निघत नाही. बाजारहाट हिंदीत निभावतो, हे दुखणं मराठीतच बोलता येतं. १९५२ साली न्यूयॉर्कला टेरीज लॅसर यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर इतर रुग्ण बायकांना भेटून ही वाट पाडली. अशा भेटीत जे कळतं ते फार बारीक असतं: काढलेल्या स्तनाच्या जागी जखम कोवळी असताना कापसाचा हलका पॅड, भरल्यावर सिलिकॉनचा, आणि ब्लाउजला आतून खिसा शिवून घ्यायचा, नाहीतर हलका पॅड वर सरकतो.

गटात हमखास निघणारा प्रश्न, "मला आठ केमो, तुला चारच कशा?" याचं उत्तर गटाकडे नसतं. गाठीची स्टेज आणि ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का), हर-टू (गाठीतलं एक प्रथिन) हे रिपोर्ट बाईगणिक वेगळे. जाणती ताई "डॉक्टरांना विचार" एवढंच म्हणते. चूर्ण सुचवणारा गट सरळ सोडावा.

दोन आठवडे झोप-भूक गेली, जगणंच नको वाटू लागलं, तर दोन्ही पुरत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन करा. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू असेल तर नैराश्यावरच्या गोळ्या लिहून घेण्याआधी सांगा. पॅरॉक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो.